हवाई झुंजीत गमावलेले विमान : स्क्वॉड्रन लीडर देवय्या यांचे मिस्टेअर
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये या घटनेवर बेतलेला हिंदी चित्रपट आला आणि १९६५ च्या युद्धातील एका विमानाविषयी ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी अशा आपल्या भागांतून पुन्हा विचारणा सुरू झाली. शाळकरी मुलांपासून त्या काळी कॉलेजात असलेल्या ज्येष्ठांपर्यंत अनेकांचे प्रश्न सारखेच असल्यामुळे त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. चित्रपटात नावे आणि प्रसंग बदललेले असल्याने त्याचा आधार कुठेही घेतलेला नाही.

ही नेमकी कोणती घटना आहे?

७ सप्टेंबर १९६५ रोजी भल्या पहाटे भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वॉड्रनची मिस्टेअर विमाने पंजाबातील आदमपूर तळावरून पाकिस्तानातील सरगोधा या मोठ्या हवाई तळावर हल्ला करण्यासाठी निघाली. स्क्वॉड्रनचे नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते. हल्ला करून विमाने परतली, पण स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचे विमान परत आले नाही. परतीच्या वाटेवर त्यांची गाठ पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाशी पडली. त्या झुंजीत दोन्ही विमाने गेली. स्टारफायटरचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून बचावले आणि देवय्या मरण पावले. हे एवढे सरळ वाक्य लिहिता येण्यासाठी मात्र वीसहून अधिक वर्षे जावी लागली.

देवय्या मूळ तुकडीत नव्हते, हे खरे आहे का?

होय. बारा विमानांच्या या हल्ल्यासाठी ते राखीव वैमानिक होते, म्हणजे एखादे विमान काही कारणाने गळले तरच त्यांनी तुकडीत सामील व्हायचे होते. एक विमान गळले आणि ते पुढे गेले. कर्नाटकातील कोडगूचे देवय्या १९५४ मध्ये हवाई दलात दाखल झाले होते, आणि युद्धापूर्वी नवशिक्या वैमानिकांना उड्डाण शिकवणारे प्रशिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. पुढे त्यांनी त्या विमानाकडून जे करून घेतले ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण विमान कोणत्या मर्यादेपर्यंत ताणता येते हे प्रशिक्षकाइतके चांगले फार थोड्यांना ठाऊक असते.

मिस्टेअरने स्टारफायटर पाडले, यात एवढे विशेष काय?

मिस्टेअर हे १९५७ पासून आपल्याकडे आलेले फ्रेंच बनावटीचे विमान होते आणि १९६५ मध्ये त्याचे काम प्रामुख्याने जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्याचे होते. सरळ उड्डाणात ते ध्वनीच्या वेगाच्या आतच राही. स्टारफायटर हे अमेरिकी विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई, त्याच्यावर उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे असत आणि सहा नळ्यांची, अतिशय वेगाने गोळ्या झाडणारी २० मिलिमीटरची तोफ असे. पाकिस्तानकडे अशी जेमतेम डझनभर विमाने होती, परंतु त्यांचा दबदबा संख्येच्या मानाने फार मोठा होता. मिस्टेअरकडे ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, आणि बॉम्ब व रॉकेट टाकून झाल्यावर हवेत लढायला तेवढ्याच उरत.

कागदावर ही जोडी विजोड दिसते. परंतु झुंज कागदावर होत नाही, ती कोणत्या उंचीवर आणि कोणत्या वेगात होते यावर बरेच काही ठरते. स्टारफायटरची लांबी साडेसोळा मीटरहून अधिक, पण पंखांचा विस्तार सात मीटरांपेक्षाही कमी. हे छोटे, पातळ पंख सरळ रेषेत वेगाने जाण्यासाठी उत्तम, पण आवळून वळण घेण्यासाठी वाईट. मिस्टेअरच्या पंखांचा विस्तार सुमारे अकरा मीटर होता आणि कमी वेगात ते अधिक चपळपणे वळू शके. स्टारफायटरच्या वैमानिकाने वेग राखून एकदाच झडप घालावी आणि निघून जावे, हे शहाणपणाचे. तो वेग कमी करून वळणांच्या खेळात उतरला, की त्याचा सर्वांत मोठा फायदा त्याने स्वतःहून सोडून दिलेला असतो.

मग झुंजीत नेमके काय घडले?

उपलब्ध वर्णनांनुसार अमजद हुसेन यांनी परतणाऱ्या मिस्टेअरला गाठले, त्याच्यावर मारा केला, गोळे लागलेले पाहिले आणि काम झाले असे समजून ते वळले. देवय्या यांचे विमान जखमी होते, पण पडलेले नव्हते. त्यांनी सुटून निघण्याऐवजी स्टारफायटरशी झुंज घेतली आणि तोफांचा अचूक मारा केला. स्टारफायटरवरील नियंत्रण गेल्यावर अमजद हुसेन यांना कमी उंचीवरूनच बाहेर पडावे लागले.

देवय्या सुटून का निघाले नाहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्यांच्या मनात काय होते ते कोणी सांगू शकत नाही, पण परिस्थिती सांगता येते. आदमपूर ते सरगोधा हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. रडारच्या नजरेत येऊ नये म्हणून विमाने जमिनीलगत जात, आणि जेट इंजिन खालच्या दाट हवेत इंधन भराभर खाते. परतीपुरतेच इंधन, मागे दुप्पट वेगाचा शत्रू, आणि विमानाला इजा झालेली. पाठ दाखवून सरळ पळणाऱ्या संथ विमानाला वेगवान विमान पुन्हा गाठणारच. तेव्हा वळून लढणे हा निव्वळ आततायीपणा नव्हता, तो वैमानिकाच्या शिक्षणाला धरून असलेला निर्णय होता असे मला वाटते. त्यात धैर्य नव्हते असे मात्र कोणी समजू नये.

हे सगळे भारतात तेव्हाच का कळले नाही?

कारण पाहणारा कोणी नव्हता. कमी उंचीवर, मोठ्या वेगाने, रेडिओवर शक्य तितके कमी बोलत विमाने परत फिरतात, तेव्हा मागे राहिलेल्या विमानाकडे पाहणे पुढच्याला शक्य नसते. आदमपूरला उतरल्यावर मोजणी झाली आणि एक विमान कमी भरले, इतकेच स्क्वॉड्रनला समजले. विमानवेधी तोफांचा मारा लागला असेल, इंधन संपले असेल, जमिनीला धडकले असेल, अशा अनेक शक्यता होत्या.

इथे गनकॅमेऱ्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण हवाई दलांच्या दाव्यांचा सगळा डोलारा त्या काळी या लहानशा यंत्रावर उभा असे. वैमानिकाने तोफेचा घोडा दाबला की तोफांच्या रोखाने बसवलेला कॅमेरा आपोआप चालू होई आणि समोर काय घडते त्याची फिल्म घेई. विमान तळावर परतले की ती फिल्म काढून धुतली जाई आणि गुप्तवार्ता अधिकारी ती पुन्हा पुन्हा पाहून दावा मान्य, संभाव्य किंवा केवळ नुकसान, असे ठरवत. साक्षीदार सहकारी वैमानिक असेल तर त्याचा जबाबही जोडला जाई. आता देवय्या यांच्या बाबतीत पाहा. फिल्म विमानाबरोबर गेली, वैमानिक गेला आणि सहकारी पाहत नव्हता. आपल्या बाजूने पुराव्याचा एकही तुकडा उरला नाही. विमान गमावल्याची नोंद झाली. विमान मिळवल्याची नोंद होण्याचा मार्गच बंद होता.

मग सत्य बाहेर कसे आले?

ते पलीकडून आले. आपले एक स्टारफायटर पडले हे पाकिस्तानी हवाई दलाला लपवता येण्यासारखे नव्हते, परंतु ते मिस्टेअरशी किंवा त्याच्या अवशेषांशी टक्कर झाल्याने पडले असे सुरुवातीला सांगितले गेले. पुढे १९७९ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाच्या साहाय्याने लिहिलेले एका ब्रिटिश लेखकाचे या युद्धावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात स्टारफायटर मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत पडल्याचे वर्णन आले. त्या दिवशी न परतलेले मिस्टेअर कोणाचे, हे भारतीय नोंदींत स्पष्ट होते. दोन बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर उत्तर एकच निघत होते.

तनेजा तोवर निवृत्त झाले होते. आपल्या स्क्वॉड्रनच्या अधिकाऱ्याला न्याय मिळावा म्हणून त्यांनी हा विषय लावून धरला, आणि १९८८ मध्ये देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. घटनेला तेव्हा जवळजवळ तेवीस वर्षे झाली होती. पदक त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्या यांनी स्वीकारले. कोडगूतील मडिकेरी शहरात आता देवय्या यांचा पुतळा आहे.

शत्रूपक्षाच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न माझ्या व्याख्यानांनंतर सर्वांत अधिक तावातावाने विचारला जातो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. एखाद्या बाजूने ‘आम्ही इतकी विमाने पाडली’ असे म्हटले, तर तो दावा असतो आणि दावा करण्यात तिचा फायदा असतो. तीच बाजू ‘आमचे अमुक विमान, अमुक वैमानिक, अमुक दिवशी गेले’ असे म्हणते, तेव्हा तिला त्यात काही मिळवायचे नसते, उलट नामुष्की असते. म्हणून इतिहासाच्या कामात कबुलीचे वजन दाव्यापेक्षा अधिक धरतात. न्यायालयातही स्वतःच्या विरोधात दिलेल्या जबाबाकडे असेच पाहतात.

ही कसोटी दोन्हीकडे सारखीच लावावी लागते, आणि इथेच आपल्यापैकी अनेकांची गाडी अडते. पाकिस्तानची कबुली आपल्याला गोड वाटते, पण आपल्या हवाई दलाने मान्य केलेले नुकसान कोणी सांगितले की तो देशद्रोह वाटू लागतो. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाठवलेल्या जुनाट व्हॅम्पायर विमानांपैकी चार पाकिस्तानी माऱ्यात पडली, आणि हवाई दलाने त्यानंतर ती विमाने आघाडीवरून मागे घेतली. हे आपल्याच नोंदी सांगतात. त्या वैमानिकांचे शौर्य याने कमी होत नाही, त्यांना कोणत्या विमानात बसवून कोणाशी लढायला पाठवले गेले हे मात्र समजते.

‘विमान गमावले’ यात काय काय मोजतात?

सामान्य बोलण्यात गमावले म्हणजे पाडले गेले असा अर्थ होतो. लष्करी नोंदीत तसे नसते. हवाई झुंजीत पडलेले, जमिनीवरून झालेल्या माऱ्यात पडलेले, इंधन संपल्याने किंवा बिघाडाने गेलेले आणि तळावर उभे असताना बॉम्बहल्ल्यात जळालेले, असे त्याचे वेगवेगळे रकाने असतात. १९६५ मध्ये पठाणकोट आणि पूर्वेकडील कलाईकुंडा या तळांवर आपली अनेक विमाने जमिनीवरच नष्ट झाली. हवेत झालेल्या झुंजींच्या मोजणीत ती धरली तर चित्र पूर्ण बदलते.

काही विमाने कोणत्याच रकान्यात नीट बसत नाहीत. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे नॅट विमान पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि तिथेच पकडले गेले. ते विमान आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलेले आहे. विमान शाबूत, वैमानिक जिवंत, तरीही नुकसान पूर्ण.

१९६५ च्या युद्धातील दोन्ही बाजूंचे आकडे जुळत का नाहीत?

युद्धानंतर भारताने ७३ विमाने पाडल्याचा आणि ३५ गमावल्याचा आकडा सांगितला, तर पाकिस्तानने १०४ पाडल्याचा आणि १९ गमावल्याचा. चारही आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर सर्वच खरे असणे अशक्य आहे हे शाळेतल्या मुलालाही दिसेल. यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. एकाच विमानावर दोन वैमानिकांनी मारा केला आणि दोघांनीही आपापला दावा नोंदवला, धूर सोडत ढगात शिरलेले विमान पडले असे समजले, प्रत्यक्षात ते पोहोचले. अशा गोष्टी प्रत्येक देशाच्या हवाई दलात घडल्या आहेत.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयरा इथली २२ नोव्हेंबर १९७१ ची झुंज हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. आपल्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानची तीन सेबर लढाऊ विमाने पाडल्याचे तेव्हा जाहीर झाले. दोन वैमानिक आपल्या हाती जिवंत सापडल्यामुळे दोन विमानांविषयी वादच नाही, तिसरे मात्र नुकसान होऊनही परतले असे पाकिस्तानी नोंदी सांगतात. पकडलेल्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

एका पाकिस्तानी वैमानिकाने एका मिनिटाच्या आत पाच भारतीय विमाने पाडली, हे खरे का?

हा दावा स्क्वॉड्रन लीडर एम. एम. आलम यांचा असून तोही ७ सप्टेंबर १९६५ चा आणि सरगोध्याचाच आहे. त्या दिवशी सरगोध्यावर गेलेल्या हंटर विमानांपैकी भारताने गमावलेल्यांची संख्या पाचापेक्षा कमी आहे. नावे, तळ आणि वैमानिक यांची यादी उपलब्ध असताना पाच हा आकडा टिकत नाही. पण आलम यांनी काहीच केले नाही असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. स्क्वॉड्रन लीडर एस. बी. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार त्या दिवशी परतले नाहीत.

देवय्या यांना उडी मारून वाचता आले नसते का?

त्या काळच्या बाहेर फेकणाऱ्या आसनांना काम करण्यासाठी पुरेशी उंची आणि पुरेसा वेग लागे. जमिनीवर उभ्या विमानातूनही वैमानिकाला वाचवू शकणारी आसने नंतर आली. जमिनीलगतच्या झुंजीत विमान हाताबाहेर गेले तर निर्णयासाठी फारच थोडा अवधी उरतो. शिवाय गोळ्यांनी आसनाची यंत्रणा किंवा वैमानिक स्वतः जखमी झालेला असू शकतो. त्यांच्या बाबतीत यांपैकी काय घडले, यावर अंदाज करत बसण्यात अर्थ नाही.

‘बेपत्ता’ असा शेरा असलेल्या वैमानिकाच्या घरच्यांचे काय होते?

पहिल्यांदा तार येते. तीत मृत्यूचा उल्लेख नसतो, कारण सैन्यालाही तो ठाऊक नसतो. वैमानिक युद्धकैदी असू शकतो, म्हणून कैद्यांच्या याद्या येईपर्यंत आशा धरली जाते. कैद्यांची अदलाबदल होऊनही नाव आले नाही, तर काही काळाने सरकार त्याला मृत मानते आणि निवृत्तिवेतन वगैरे गोष्टी मार्गी लागतात. सामान्य नागरिकांसाठी पुरावा कायद्यात सात वर्षे काही न ऐकल्यास मृत्यू गृहीत धरण्याचा नियम आहे. सैन्यात युद्धप्रसंगी हा निर्णय लष्करी चौकशीच्या आधारे त्यापूर्वीही होऊ शकतो.

कागद मार्गी लागतात, घरातले प्रश्न लागत नाहीत. देवय्या यांच्या कुटुंबाला तर ते गेले हेच नव्हे, तर कसे गेले हेही दोन दशके निश्चित कळले नाही. विमान गमावण्याच्या चर्चेत आपण विमानाची किंमत, वेग, बनावट यांवर तासन् तास बोलतो, पण हा भाग दोन वाक्यांत उरकतो.

निर्मलजीत सिंग सेखों यांची घटना अशीच आहे का?

एका अर्थाने आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगर तळावर सहा सेबर विमानांनी हल्ला केला, तेव्हा बॉम्ब पडत असतानाच सेखों यांनी नॅटमधून उड्डाण केले आणि एकट्याने त्यांच्याशी झुंज घेतली. शेवटी त्यांचे विमान पडले. त्यांचा देह मिळाला नाही. फरक असा, की ही झुंज आपल्याच तळाच्या माथ्यावर झाली आणि ती खालून अनेकांनी पाहिली. म्हणून त्यांना परमवीर चक्र लवकरच मिळाले. हवाई दलाला मिळालेले ते आजवरचे एकमेव परमवीर चक्र. देवय्या शत्रूच्या मुलखावर, कोणाच्याही दृष्टीआड लढले.

विमान पडूनही परत लढलेले वैमानिक आहेत का?

आहेत, आणि आपल्याकडच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे यांचे आहे. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पंजाबातील हलवारा तळावर पाकिस्तानी सेबर विमानांनी हल्ला केला, तेव्हा गस्तीवर असलेले त्यांचे हंटर पाडले गेले. ते हवाई छत्रीने उतरले. त्यांचे साथीदार फ्लाइंग ऑफिसर ए. आर. गांधी यांनी एका सेबरवर मात केली, पण नंतर त्यांनाही विमान सोडावे लागले. फ्लाइट लेफ्टनंट डी. एन. राठोड आणि फ्लाइंग ऑफिसर व्ही. के. नेब यांच्या हंटरांनी त्या संध्याकाळी सेबर पाडली. पाकिस्तानच्या बाजूने स्क्वॉड्रन लीडर सरफराज रफीकी आणि फ्लाइट लेफ्टनंट युनूस हुसेन मरण पावले. छांबला व्हॅम्पायर पाडणाऱ्यांत हेच रफीकी होते, आणि हलवाऱ्यावर आपल्या तोफा अडकल्यानंतरही ते झुंजीतून बाहेर पडले नाहीत, असे पाकिस्तानी वर्णनांत आहे. शोरकोटच्या हवाई तळाला त्यांचे नाव दिले गेले.

पिंगळे १६ सप्टेंबरला पुन्हा आकाशात होते. त्या दिवशीच्या झुंजीत त्यांचे सहकारी फ्लाइंग ऑफिसर फारुख बुनशा मारले गेले, आणि पिंगळे यांनी एक सेबर पाडले. त्यांना वीर चक्र मिळाले. विमान कारखान्यातून पुन्हा येते, शिकलेला वैमानिक तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणून आपल्या हद्दीत पडलेल्या विमानातून सुटलेला वैमानिक हे हवाई दलाच्या दृष्टीने निम्मे नुकसान वाचल्यासारखेच.

या युद्धाची झळ ठाणे परिसराला लागली होती का?

हवाई झुंजी इथून फार दूर, पंजाब आणि काश्मीरच्या बाजूला होत होत्या. ठाण्याच्या वाट्याला भोंगे, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आणि अंधारातले रस्ते आले. कोलशेतच्या हवाई दल केंद्राकडे बोट दाखवून ‘तिथून विमाने उडाली का’ असे मुले विचारतात. तिथे लढाऊ विमानांसाठी धावपट्टी नाही, त्यामुळे तो प्रश्न निकालात निघतो.

पश्चिम किनाऱ्याला खरी झळ लागली ती कच्छमध्ये. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे नागरी विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले आणि विमानातील सर्व आठ जण मृत्युमुखी पडले. ते विमान पाडणारे वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ मध्ये नागरी विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनीयर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. हे लढाऊ विमान नव्हते म्हणून या पानाच्या विषयात काटेकोरपणे बसत नाही, पण शेजारच्या राज्याची ही घटना आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते म्हणून सांगितली.

आपल्याच माऱ्यात आपले विमान पडते, असेही होते का?

होते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे हवाई दलाचे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दल प्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले.

२०१९ आणि २०२५ मधील विमानांविषयी काय सांगता येईल?

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-२१ बायसन पाकव्याप्त काश्मीरमध्ये पडले, ते पकडले गेले आणि १ मार्चला अटारी-वाघा सीमेवरून परत आले. त्यांनी पाकिस्तानचे एफ-१६ पाडले असे भारत म्हणतो आणि पाकिस्तान ते नाकारतो. मे २०२५ च्या संघर्षाबद्दल संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये विमाने गमावल्याचे मान्य केले, सहा विमाने पाडल्याचा पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि संख्या सांगितली नाही. विमाने पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर यापेक्षा कितीतरी अधिक ‘पक्की’ माहिती दर दिवशी येते. देवय्या यांच्या एका विमानाची हकिकत जुळायला किती काळ लागला हे वर वाचलेल्याने ती पुढे पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीच विनंती.

मिस्टेअर प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

दिल्लीत पालम येथील हवाई दल संग्रहालयात एक मिस्टेअर ठेवलेले आहे. मुलांना घेऊन जायचे असेल तर १९६५ आणि १९७१ च्या काळातील विमाने एकत्र पाहण्यासाठी तेच सर्वांत सोयीचे ठिकाण. ठाण्याहून एका दिवसात उरकायचे असल्यास वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिथे मिस्टेअर नाही, पण आपल्या देशात घडवलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान आहे. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ते वापरले गेले होते. ठाण्याहून दादरपर्यंत मध्य रेल्वेने जाऊन पुढे पश्चिम रेल्वेने महालक्ष्मीला उतरावे, तिथून टॅक्सी मिळते.